सुंदरराव यंत्रात जातात

आमच्या सासऱ्यांच्या कॉफीच्या दुकानाला चार दारं आहेत. दुकान केवढं, तर दहा बाय बारा, कुंभकोणममधल्या मेलकावेरी भागातल्या कोपऱ्यावरचं. दोन दारं रस्त्याकडे, एक गल्लीत, एक मागच्या अंगणात, आणि चारही दिवसभर सताड उघडी. कोणी विचारलंच तर सुंदरराव म्हणायचे, "कॉफीला वारा लागतो." अहो, वारा लागला की कॉफीचा वास उडून जातो, हे कुंभकोणमच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे! ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. पण सुंदरराव असं गंभीर चेहऱ्यानं सांगत की गिऱ्हाइकं मान डोलवत. मी कऱ्हाडहून या घरात सून म्हणून आले त्याला अकरा वर्षं झाली. त्यातली साडेदहा वर्षं मीही मान डोलवली.

सुंदरराव तंजावरी मराठी. पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच झाले. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि तीही अशी की पहिल्या महिन्यात मला वाटे, ही माणसं माझ्याशी पोथीतून का बोलतायत! त्यांना माझी मराठी उद्धट वाटे, मला त्यांची फार मऊ. आता आम्ही एकमेकांना सवयीचे झालो आहोत.

माणूस उंच, सडसडीत, सदुसष्ट वर्षांचा, कानात हिऱ्याच्या कुड्या. दिवसा कॉफी भाजायची, आणि शनिवारी मरुदानल्लूरला भजनाला जायचं. आवाज असा की नदीच्या समोरच्या काठावरून म्हशी वळून बघतील. या आवाजाचं मूळही मला पुढे कळलं. सुंदरराव न्हाणीघराची कडी लावत नाहीत. कोणी चुकून आत येऊ नये म्हणून आत असेपर्यंत मोठ्यानं गातात! चाळीस वर्षं रोज पहाटे असा रियाज केल्यावर कोणाचाही आवाज लागेल.

देवळात ते ध्वजस्तंभाजवळूनच हात जोडत. गाभाऱ्यापाशी गर्दीत जात नसत. चेन्नईत माझ्या नणंदेच्या घरी सातव्या मजल्यावर जिन्यानं चढत आणि वर पोचून घाम पुसत म्हणत, "गुडघ्यांस बरें असतें." लग्नकार्यात दाराजवळची खुर्ची. बसमध्ये खिडकी मिळाली नाही तर पुढची बस. आणि या प्रत्येक वेळी माझ्या सासूबाई, गोमती, शेजारी उभ्या राहून एक कारण तयार ठेवत. यांना आज उपास आहे. यांचा चष्मा घरी राहिला. यांना कोणाला तरी भेटायचं आहे. खोटं बोलताना त्या बाईचा चेहरा इतका निर्मळ असे की मी त्यांना एकदा विचारलंही होतं, अम्मा, तुम्ही वकील का नाही झालात? तेव्हा त्या नुसत्या हसल्या. मला बावळटीला काही कळलं नाही.

कळलं ते चपलेमुळे.

गेल्या फाल्गुनात सासू-सासरे दोघं साक्कोट्टैच्या देवळाकडे चालत निघाली होती. मागून येणाऱ्या सासूबाईंना रस्त्यात एक चप्पल दिसली. ओळखीची वाटली म्हणून उचलली, तर पुढे सुंदरराव एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी असे ऐटीत चाललेले! डाव्या पायातली चप्पल पडली, हे त्यांना समजलंच नव्हतं. त्याच आठवड्यात भजनात दिव्यनामाच्या वेळी, म्हणजे मध्ये समई ठेवून तिच्याभोवती फेर धरून गातात तेव्हा, त्यांचं पाऊल फरपटलं आणि ते समईवरच पडायचे. पुढच्याच माणसाच्या खांद्याला धरून वाचले.

डॉक्टर वैद्यनाथांनी पायाच्या अंगठ्यावर बोट दाबून सांगितलं, "वर उचला." अंगठा हलला नाही. डॉक्टर म्हणाले, "नस दाबली गेली आहे. कंबरेत की मानेत की दोन्हीकडे, ते स्कॅनशिवाय सांगता येणार नाही. मानेपासून खालपर्यंत पूर्ण कण्याचा एमआरआय करा. पण लवकर. पंधरा दिवसांच्या आत नस मोकळी केली तर पाऊल परत येईल. नंतरची हमी मी देणार नाही."

दुसऱ्याच दिवशी आम्ही गावातल्या स्कॅन सेंटरमध्ये गेलो. मी आणि माझा नवरा रविशंकर बाहेर बसलो. सासूबाई दारापर्यंत गेल्या. चार मिनिटांत दार धाडकन उघडलं आणि सुंदरराव बाहेर! मागे नाड्या बांधलेला तो निळा झगा, पाय अनवाणी, डावं पाऊल फरपटतंय, आणि तोंडानं, "भाजणीचा ड्रम चालू राहिला! कॉफी जळेल!" थेट रस्त्यावर. रविशंकर धावत गेला तर हे रिक्षात बसून गेलेसुद्धा.

ड्रम बंदच होता. तो मीच सकाळी बंद केला होता.

संध्याकाळपर्यंत सासूबाईंनी अख्ख्या आळीला सांगून टाकलं, की स्कॅनचं यंत्र बिघडलंय. आळीनं गावाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुकानात एक तिशीतली मुलगी आली. पाव किलो कॉफी मागितली, आणि भर गिऱ्हाइकांत, आजोबांना हाक मारावी तशी, तमिळमध्ये म्हणाली, "ताता, आमचं यंत्र बिघडलंय म्हणून तुमच्या घरून सांगतात? काल तीन पेशंट तंजावूरला गेले. यंत्राला काही झालेलं नाही." ती जननी, स्कॅन करणारी टेक्निशियन. चारही दारं उघडी होती, पण ती गिऱ्हाईक म्हणून समोर असेपर्यंत सुंदररावांना त्यांतल्या एकातूनही पळता येईना. कॉफी बांधून दिली आणि ते मागच्या अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मला राग आला, खोटं कशाला सांगू! त्या माणसाचं पाऊल जायची वेळ आली आणि घरात एक अक्षर कोणी बोलत नाही! मी सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. "अम्मा, अप्पांना बंद जागेची भीती वाटते ना?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "हळू बोल, अगे. त्यांस कळेल."

"काय कळेल? त्यांना भीती वाटते हे त्यांना कळेल?"

"मज कळलें आहे, हें त्यांस कळेल."

म्हणजे बघा! लग्नाला एक्केचाळीस वर्षं. यांनी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही, आणि चाळीस वर्षं एक पळतोय आणि दुसरी त्याच्या मागे कारणं पेरत चालली आहे. मी कपाळावर हात मारला.

डॉक्टरांना विचारलं, भूल देऊन करता येईल का? ते म्हणाले, होईल, पण भूल देणारे डॉक्टर बाहेरून येतात, तारीख अठरा दिवसांनंतरची. अठरा दिवस आमच्याकडे नव्हते. मग जननीनंच सुचवलं, की चाळीस मिनिटं न हलता पडायचं असतं, म्हणून काही पेशंट घरी सराव करून येतात. झालं! मला तेवढंच हवं होतं. मी सुंदररावांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "अप्पा, तुम्हाला तिथे कंटाळा येतो ना एका जागी पडून? आपण घरी सवय करू." कंटाळा हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "होय. कंटाळा येतो."

आणि आमच्या घरात सर्कस सुरू झाली! दुकानातलं लांब बाकडं ओटीवर आणलं. त्याच्या दोन्ही बाजूंना वेष्टी, म्हणजे पांढऱ्या लुंग्या, सोडल्या. खाली चटई. सुंदररावांनी त्याखाली उताणं पडायचं. तिथे तोंडावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवतात, म्हणून मी भाजी धुवायची प्लॅस्टिकची टोपली त्यांच्या तोंडावर उपडी घातली. रविशंकरनं फोनवर त्या यंत्राचा आवाज शोधून काढला, ठाक ठाक ठाक ठाक, घूं घूं घूं. फोनचा आवाज पुरेना, तेव्हा सासूबाईंनी पितळेचा हंडा घेतला आणि डावानं बडवायला सुरुवात केली. शेजारच्या स्वामीनाथांनी कुंपणावरून डोकावून विचारलं, "कोणाचं लग्न आहे?"

पहिल्या दिवशी चाळीस सेकंद. मी घड्याळ लावून मोजले. एक्केचाळिसाव्या सेकंदाला टोपली उडाली, बाकडं उडालं, वेष्टी गळ्यात घेऊन सुंदरराव अंगणात. दुसऱ्या दिवशी दीड मिनिट. मी टाळ्या वाजवल्या, ते चिडले. "चाळीस मिनिटें पाहिजेत, आणि तूं दीड मिनिटास टाळ्या पिटतेस!"

तिसऱ्या दिवशी त्यांनाच सुचलं. बाकाखालून आवाज आला, "गोमती, तोडयमंगळ किती वेळ चालतें?"

तोडयमंगळ म्हणजे यांच्या भजनाची सुरुवातीची पदं, ठरलेल्या क्रमानं. त्यांच्यात रीत अशी, की तोडयमंगळ एकदा सुरू झालं की ते संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. घसा कोरडा पडो, पाय मुंग्यांनी भरून येवो, उठायचं नाही. सुंदरराव चाळीस वर्षांत कधी उठलेले नव्हते. सासूबाईंनी मनातल्या मनात पदं मोजली आणि म्हणाल्या, "तुमच्या चालीनें अकरा मिनिटें."

"मग ठोक."

हंडा वाजू लागला. बाकाखाली काहीच आवाज नाही, नुसतं मनात म्हणणं चाललेलं. मी घड्याळाकडे बघतेय. चार मिनिटं. सहा. नऊ! रविशंकरनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. अकरा मिनिटं झाली आणि सासूबाईंनी डाव टाकून दिला आणि भजनात प्रत्येक गटाच्या शेवटी देतात तसा पुकारा दिला, "गोपिकाजीवनस्मरणम्!" आणि बाकाखालून दोन्ही हात वर करून सुंदररावांनी गरजून उत्तर दिलं, "गोविंदा! गोविंदा!" बाकडं उलटं पडलं, टोपली अंगणात गेली, पण अकरा मिनिटं झाली होती!

मग काय, गाडी सुसाट. चौथ्या दिवशी बावीस मिनिटं. तोडयमंगळ, मग गुरूंची पदं, मग पुढची. शेवटचा गट संपला की सासूबाईंचा पुकारा, यांचा "गोविंदा", दोन्ही हात वर, आणि सुटका. सहाव्या दिवशी एक्केचाळीस मिनिटं! स्वामीनाथ कुंपणावर बसूनच असत, त्यांनीही हात वर केले.

डॉक्टरांच्या पंधरापैकी अकरा दिवस संपले तेव्हा आम्ही पुन्हा स्कॅन सेंटरमध्ये गेलो. जननीला सगळं सांगितलं. ती भली मुलगी. तिनं सासूबाईंना काचेच्या अलीकडे आपल्या शेजारी बसवलं. मीही मागे उभी राहिले. टेबलावर एक बटण होतं. ते दाबून बोललं की यंत्रात ऐकू जातं. "पाट्टी, मधेमधे पुढच्या पदाचं नाव सांगा त्यांना," सासूबाईंना आजीच करून टाकत जननी म्हणाली, आणि बटण त्यांच्या स्वाधीन केलं.

काचेतून सुंदररावांच्या पायांचे तळवे दिसत होते. कुड्या काढलेले कान, हातात घाबरल्यावर दाबायचा रबरी फुगा, तोंडावर पिंजरा. टेबल आत सरकलं.

ठाक ठाक ठाक ठाक!

दहा मिनिटं. तळवे हलले नाहीत. जननीच्या पडद्यावर मानेचे मणके एकामागून एक उमटत होते. सासूबाई बटण दाबून सांगत, "आतां गुरुपदें." वीस मिनिटं. पस्तीस! मला नाचावंसं वाटत होतं. "शेवटचा भाग," जननी म्हणाली. "कंबरेचा. डॉक्टरांना खरा हाच हवा आहे. आठ मिनिटं."

पाच मिनिटं झाली असतील. यंत्र क्षणभर थांबलं. ते मधे तसं दम घेतं, पुढच्या थरासाठी. जननीला ते माहीत होतं. सासूबाईंना माहीत नव्हतं. त्यांच्या हिशेबानं पदं संपली होती, यंत्र गप्प झालं होतं, आणि चार दिवसांची सवय! जननी वळून काही म्हणायच्या आत त्यांनी बटण दाबलं आणि डोळ्यांत पाणी आणून ठणकावून पुकारा दिला, "गोपिकाजीवनस्मरणम्!"

"गोविंदा! गोविंदा!"

आतून गर्जना, आणि दोन्ही हात वर. हात वरच्या पत्र्यावर आदळले. पिंजऱ्यावर आदळले. आणि त्याबरोबर सुंदररावांनी डोळे उघडले. सबंध वेळ ते मिटलेले होते. नाकापासून वीतभरावर छत. फुगा दाबला गेला, घंटा वाजू लागली, पाय झाडले जाऊ लागले. जननी धावली, मागोमाग आम्ही.

टेबल बाहेर आलं तेव्हा सुंदरराव घामानं निथळत होते. पिंजरा काढताच उठून बसले, छातीवर हात. "झालें ना? संपलें ना?"

"ताता," जननी हळूच म्हणाली, "शेवटचा भाग हलला. तो पुन्हा घ्यावा लागेल. आठ मिनिटं."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मी त्यांच्या बरोबर दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता गेले. सासूबाई आत येऊन पोचल्या होत्या. आमचे दागिने जननीनं आधीच काढून ठेवायला लावले होते, त्यामुळे मंगळसूत्र, बांगड्या, तोडे काहीच नाही, लंकेच्या पार्वतीसारख्या. रडत होत्या. "माझें चुकलें. मीच मेली पुकारलें. राहूं द्या आतां. घरीं जाऊं. डॉक्टरांस मी सांगत्यें, वीज गेली होती म्हणून. मी बघून घेत्यें असकें, सगळें."

आणि पुन्हा तोच निर्मळ चेहरा! डोळे पुसता पुसता कारण तयार झालं होतं त्या बाईचं.

सुंदरराव टेबलाच्या कडेला बसून होते. डावं पाऊल खाली लोंबत होतं. त्यांनी त्या पावलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नको. कांहीं सांगूं नको. गोमती, मज भय वाटतें."

"ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या.

"कधींपासून ठाऊक आहे?"

"लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून. खोलीचें दार तुम्हीं लावूं दिलें नाहीं."

मी आणि जननी भिंतीकडे बघायला लागलो. सुंदररावांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. रडणं की हसणं, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवला, मग झग्यानं तोंड पुसलं आणि स्वतःच पुन्हा आडवे झाले. "घाल तो पिंजरा," जननीला म्हणाले. "आणि हिला बटणापासून लांब बसव."

टेबल आत गेलं. सासूबाई काचेला नाक लावून उभ्या. ठाक ठाक ठाक ठाक. तळवे जिथल्या तिथे. यंत्र मधेच थांबलं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. यंत्र पुन्हा सुरू झालं. सहा. सात. मी एका पायावर उभी होते, का ते विचारू नका. आठ!

"आलं!" जननी ओरडली. "सगळं आलं, पाट्टी, एकदम स्वच्छ!" आणि ती सासूबाईंच्या गळ्यात पडली, मी दोघींच्या.

नस कंबरेत दाबली गेली होती, चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये. जे चित्र दुसऱ्यांदा काढलं त्यातच ते दिसलं. चौदाव्या दिवशी तंजावूरला ऑपरेशन झालं. पाचव्या सकाळी डॉक्टर आले, बोट दाबलं, म्हणाले, "वर उचला." आम्ही तिघंही पलंगावर ओणवलो. सुंदररावांनी दात आवळले. अंगठा हलला! थोडासाच, पण हलला, आणि मी दवाखान्यात इतक्या मोठ्यानं किंचाळले की सिस्टरनं मला बाहेर काढलं.

परत आत घेतलं तेव्हा सुंदरराव उशीला टेकून बसले होते आणि सासूबाई त्यांना इडली भरवत होत्या. माझ्या मनात कधीचा एक प्रश्न होता. मी विचारला, "अप्पा, दुसऱ्यांदा आत गेलात तेव्हा आठ मिनिटं कोणतं पद म्हणत होतात?"

"पद कसलें, अगे," ते तोंडातला घास गिळत म्हणाले. "आठही मिनिटें भीत होतों. फक्त हललों नाहीं."